घोडीवरच्या सहा रेघा

माझ्या इलेक्ट्रिक गिटारबद्दल बाबांचं एकच मत होतं, आणि ते त्यांनी सहा वर्षांत बदललं नाही. मी सोफ्यावर बसून काहीतरी वाजवत असायची आणि ते पेपर खाली न करता म्हणायचे, "खालचा सा बरा आहे. वरचा खोटा बोलतो."

मी चिडायची. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हौसेने गिटार घेतलेली बाई आधीच चारचौघांत जरा दबून असते. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "भाच्यासाठी घेतलीत का?" मी म्हणायची, "नाही, माझ्या म्हातारपणासाठी." त्यात घरचं माणूस हे असं. मला वाटायचं, पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना टाळ-मृदंगापलीकडचं सगळं खोटंच वाटतं. एकदा मी उलटून म्हणालेसुद्धा, "बाबा, गिटारमध्ये सा नसतो." तर म्हणाले, "मग त्या बिचारीला खोटं बोलण्यावाचून काय इलाज?"

खांदा कॉलनीतल्या या घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आवाज करायला मोकळी होते. आई गेल्यावर बाबांना उरणहून इकडे आणलं. उरणला ते प्लांटमध्ये फिटर होते आणि त्यांचे कान हा तिथे कौतुकाचा विषय होता. चालत्या पंपाच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग जातंय. आठवडाभर काढेल." आठवड्याने ते जायचं. साहेब लोक गाडी पाठवून बोलवायचे. पनवेलला आल्यावर त्याच कानांवर त्यांनी इथल्या भजनी मंडळात जागा पटकावली. दर गुरुवारी पेटी त्यांची, आणि मृदंग लागला की नाही याचा शेवटचा शब्दही त्यांचाच. डोळे मिटून म्हणायचे, "चढव. चढव. अजून किंचित. बास." त्या 'बास'नंतरच भजन सुरू व्हायचं.

मग गेल्या वर्षी कुकर जळला. मी ऑफिसातून आले तर जिन्यातच वास. आत कुकरमध्ये डाळीचा कोळसा, आणि बाबा शेजारच्या खोलीत शांतपणे शब्दकोडं सोडवत बसलेले. म्हणाले, "शिट्टीच झाली नाही. कुकर बिघडलाय." नंतर दाराची बेल बिघडली. फोन बिघडला. मग लोक बिघडले: "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात." नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली तेव्हा तर कमाल झाली. विमान डोक्यावरून जायचं, बाबा ते खिडकीतून दिसेपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "केवढा आवाज करतात." सगळं जग बिघडलं होतं, फक्त त्यांचे कान शाबूत होते.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण एके दिवशी मंडळातल्या मृदंगवाल्याचा फोन आला. भला माणूस, आधी दहा मिनिटं हवापाण्यावर बोलला. मग म्हणाला, "ताई, रागावू नका. बाबा 'बास' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा मृदंग लागलेला नसतो, मी नुसता दम खायला थांबलेला असतो. आम्ही तसाच एक अभंग रेटतो आणि ते चहाला उठले की गुपचूप लावून घेतो. त्यांना सांगायची कुणाची छाती नाही. पण पुढच्या महिन्यात मोठ्या देवळात भजन आहे, चार गावची मंडळं येणार. तिथे कुणी फिदीफिदी हसलं तर म्हातारं माणूस उठून घरी जाईल आणि परत पेटीला हात लावणार नाही."

 तो म्हणत होता ते अगदी खरं होतं. बाबांना तिखट बोललेलं चालतं, हसलेलं चालत नाही. मी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे फोन केला, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची अकराची वेळ घेतली आणि जेवताना विषय काढला. बाबांनी भाताचा घास परत ताटात ठेवला. "माझे कान? माझ्या कानांवर अख्खा प्लांट चालला. तुझेच तपासून घे, सहा वर्षं ती खोटारडी गिटार तुला खरी वाटते." आणि त्या दिवसापासून अबोला.

तो अबोला चालू असताना मी रागाच्या भरात एक उद्योग केला. म्हटलं, एकदा या गिटारचा निकाल लावू, म्हणजे त्यांच्याकडे बोलायला तोंड उरणार नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, बाबांच्या हत्यारांच्या पेटीतला बारीक स्क्रूड्रायव्हर आणि षटकोनी ॲलन की घेतली आणि वरून दिसेल तो स्क्रू फिरवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तारा इतक्या खाली बसल्या की कुठेही बोट ठेवलं तरी खर्रर. एक तार तर तुटून हनुवटीला लागली. आरशात बघितलं तर दाढी करताना कापल्यासारखं दिसत होतं.

मी नोकरीला जासईला, कंटेनरच्या गोदामात, कागदपत्रांच्या टेबलावर. तिथे कंटेनर उचलायचं मशीन चालवणारा एक जण आहे, गावचाच. लग्नाच्या मोसमात तो हळदीला बेंजो वाजवतो. त्याचा बेंजो नसेल तर उरण-पनवेलच्या पट्ट्यात नवरदेवाला हळद चढत नाही, असं तो स्वतःच सांगतो. पण बेंजोच्या तारा, त्यांची घोडी, आतली वायर, सगळं तो स्वतःच्या हाताने करतो हे मला माहीत होतं. म्हणून एका सकाळी मी गिटार पाठीला लावून कंपनीच्या बसमध्ये चढले. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. आत आलेला माल कागदाशिवाय बाहेर जाणार नाही म्हणाला. आता कागद करणं हे तर माझंच काम. मी तिथेच लिहिलं: 'गिटार, एक नग, वापरलेली, मालकीण सोबत.' शिक्का मारला आणि आत गेले.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टेबलावर त्याने गिटार आडवी ठेवली आणि वाकून तिच्या तारा निरखल्या. मग विचारलं, "मॅडम, हिला कोनी मारली?"

"मी," मी म्हटलं.

त्याने समजावून सांगितलं. तारा जिथे टेकतात ती घोडी, तिला दुकानदार ब्रिज म्हणतात. घोडीवर प्रत्येक तारेचं एक छोटं वेगळं खोगीर असतं. खोगिरावरचे दोन बारके स्क्रू तार वर-खाली करतात. मागून येणारा लांब स्क्रू खोगीर मागे-पुढे करतो, म्हणजे तारेची लांबी बदलतो. उंची चुकली की तार खरखरते. लांबी चुकली की मोकळी तार सुरात असते, पण मधल्या पट्टीवर दाबली की वरचा सूर सटकतो.

"घरी कोन काय बोलतं हिला?" त्याने विचारलं.

"बाबा म्हणतात, खालचा सा बरा आहे, वरचा खोटा बोलतो."

त्याने माझ्या बॅगेतल्या स्पीकरच्या छोट्या डबड्याशी वायर जोडली, तार मोकळी छेडली, मग मधे दाबून छेडली. पुन्हा एकदा. मग हसला. "बाबा बरोबर हायत."

"मी स्क्रू फिरवायच्या आधीपासून?"

"तुमी उंचीचे स्क्रू फिरवले. लांबीच्यांना हातच नाय लावला. ही बघा, धूळ पन दुकानातलीच हाय. ही पयल्या दिवसापासून खोटी हाय."

म्हणजे घोडं तिथे पेंड खात होतं. सहा वर्षं बाबा खरं बोलत होते आणि मी त्यांना गिटारद्वेष्टे समजत होते. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग, खरं सांगते, एक दुष्ट कल्पना सुचली.

दोन दिवस जेवणाच्या सुट्ट्या घालवून आम्ही गिटार लावली. नव्या तारा चढवल्या. खरखर थांबेपर्यंत उंची वाढवली. मग एकेक तार: मोकळी छेडायची, वरचा सूर बघायचा, वरचा चढा लागला तर खोगीर मागे, उतरा लागला तर पुढे, आणि दर वेळी तार पुन्हा सुरात लावायची. वीस टनांचा डबा उचलणारा तो माणूस त्या स्क्रूला अर्धा वेढा द्यायला श्वास रोखून धरायचा. सहाव्या तारेला त्याने मान हलवली तेव्हा मीसुद्धा बऱ्याच वेळाने श्वास घेतला. ती गिटार मी पहिल्यांदाच खरी ऐकली. मला माझंच वाजवणं ओळखू येईना.

डॉक्टरांच्या वेळेच्या आदल्या रविवारी सकाळी मी बाबांपुढे गिटार ठेवली. "बाबा, तुम्ही बरोबर होतात. घोडी चुकली होती. आता लावून आणली आहे."

अबोला होता म्हणून, नाहीतर ते त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटून आले असते. मग मी पैज मांडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार. रोज संध्याकाळी मी त्यांच्या नकळत एखादी तार बिघडवीन किंवा नाही बिघडवणार. वाजवून दाखवीन. खरी की खोटी ते त्यांनी सांगायचं. चारही दिवस बरोबर आले तर मी जन्मात कानांचं नाव काढणार नाही. एकदा जरी चुकले तर शनिवारी अकरा वाजता माझ्याबरोबर यायचं.

"आणि जिंकलो तर रोज एक पापड," बाबा म्हणाले. ब्लड प्रेशरपायी मी पापड बंद केले होते.

"एक दिवसाआड."

"चालेल. मग आज ही तासभर माझ्याकडे दे. खरी कशी बोलते ते कानात बसवून घेतो." ते गिटार घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला काय कौतुक वाटलं म्हणून सांगू. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रियाज करणारा बाप कुणाला मिळतो?

सोमवारी मी तिसऱ्या तारेचं खोगीर दोन वेढे पुढे सारलं. बाबांनी आधी गिटार मागून घेतली, दिव्याखाली धरून फडक्याने पुसली. "स्वच्छ वाद्य वाजवावं," म्हणाले आणि परत दिली. मी एकेक तार खाली-वर वाजवली. त्यांनी डोळे मिटले होते. "तिसरी खोटी," ते म्हणाले.

मी थक्क. सारलेलं खोगीर मी रोज झोपण्यापूर्वी तेवढेच वेढे उलटे देऊन जागेवर आणायची. मंगळवारी मी काहीच बिघडवलं नाही. पुन्हा फडकं, दिवा, मिटलेले डोळे. "आज सगळ्या खऱ्या." बुधवारी म्हटलं, बघू या. पाचवीला फक्त अर्धा वेढा दिला. इतकं तर बेंजोवाल्यालासुद्धा दोनदा ऐकावं लागलं असतं. बाबा म्हणाले, "पाचवी. किंचित."

त्या रात्री भांडी घासताना मी गाणं गुणगुणत होते. हरत होते आणि आनंदाने हरत होते. म्हटलं, मृदंगवाल्याचेच कान गेले असतील. मी कुकरची शिट्टीसुद्धा काढून बघितली, खरंच बिघडली असेल तर. शिट्टी ठणठणीत होती, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं. माणसाला जे हवं असतं ते पटायला फार वेळ लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाबा मंडळात गेले आणि मी शुक्रवारची तयारी करायला बसले. घोडी दिव्याखाली धरली, स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि थांबले. पहिल्या खोगिराच्या कडेला केसाएवढी बारीक रेघ होती. अर्धी खोगिरावर, अर्धी खालच्या पत्र्यावर, दोन्ही एका ओळीत. दुसऱ्यालाही तशीच. सहाच्या सहा.

मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्या उरणच्या घरात प्रत्येक नटावर अशी रेघ असायची. सायकलच्या, पंख्याच्या, आईच्या शिलाई मशीनच्या. नट हलला की रेघ तुटते. "यंत्राला विचारत बसायला नको," बाबा म्हणायचे. रविवारी तासभर दार लावून त्यांनी कानांचा रियाज केला नव्हता. सुई घेऊन माझ्या गिटारवर रेघा मारल्या होत्या. आणि रोजचं ते फडकं!

आधी माझं डोकं फिरलं. सहा वर्षांत मी त्या गिटारला स्वतःचं नख लागू दिलं नव्हतं, आणि या माणसाने सुईने ओरखडे काढले. मग मला हसू फुटलं, एकटीलाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काय पण डोकं. आणि मग त्या रेघा पुन्हा बघितल्या. बाबांचा हात हल्ली थरथरतो, चहाची बशी वाजते. त्या हाताने भिंगाखाली सहा रेघा मारायच्या आणि एकही वाकडी जाऊ द्यायची नाही. किती भीती वाटत असेल त्यांना. हे मनात आलं आणि हसू गेलं.

पण राग उरला होता. मी त्यांचीच मुलगी. शुक्रवारी मी एकाही खोगिराला हात लावला नाही. सहाही रेघा जागच्या जागी होत्या. बाबांनी फडक्याने पुसलं, दिव्याखाली धरलं, गिटार परत दिली. मी वायर जोडली, डबड्याचा लाल दिवा लागला, आणि मी वाजवायचं नुसतं नाटक केलं. बोटं पट्टीवर ठेवली, उजवा हात तारांच्या वरून, तारांना न लागता, अगदी रोजच्यासारखा फिरवला. सहाही तारा. खाली, वर. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

रोजच्यापेक्षा बाबांनी जास्त वेळ घेतला. मग डोळे न उघडता म्हणाले, "बरोबर आहे. सगळ्या खऱ्या. आज छान वाजवलीस."

सहा वर्षांत ते मला छान म्हणाले नव्हते.

मी काय काय ठरवून ठेवलं होतं. 'पकडलं' म्हणणार होते, रेघा दाखवणार होते, चांगला तासभर तोरा मिरवणार होते. पण मला स्वतःची इतकी घाण वाटली की गिटार कुठे ठेवू कळेना. म्हटलं, मृदंगवाल्याला ज्या हसण्याची भीती होती ते हसायला मीच पुढे झाले. मी म्हटलं, "जिंकलात बाबा." आणि आत जाऊन दोन पापड तळले. बाबांनी एक खाल्ला, दुसरा अर्धा ठेवला. पापड अर्धा सोडणारा माणूस नव्हे तो, पण मी ताट उचललं. डॉक्टरांची वेळ सकाळी उठून रद्द करायची आणि देवळातल्या भजनाचं देव बघून घेईल, असं ठरवून पडले.

शनिवारी मी दहाला फोन हातात घेतला तर बाबा दाराशी खुर्चीवर बसलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, पायात चपला.

"कुठे निघालात?"

"अकराची वेळ आहे ना?"

"बाबा, तुम्ही जिंकलात."

"तुझी तार हलली नाही," बाबा म्हणाले.

मी फोन खाली ठेवला.

"चाळीस वर्षं मी चालतं यंत्र आणि बंद यंत्र बघत आलोय. बहिरा झालो असेन, आंधळा नाही झालो."

"तुम्ही डोळे मिटले होते."

"मी कधी पूर्ण मिटतो का? फट ठेवतो. भजनातसुद्धा. नाहीतर मृदंगवाल्याची मान दिसणार कशी? त्याची मान सैल पडली की मी 'बास' म्हणतो. सहा महिने तसंच चाललंय." मग ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "आवाज येतो गं अजून. सूर येत नाही. आणि काल तर आवाजही नव्हता."

"मग 'बरोबर आहे' असं का म्हणालात?"

"तू पकडायला आली होतीस. म्हटलं, एकदाचं पकडू दे. तर तू पापड तळायला गेलीस."

मी खाली बसले, त्यांच्या पायाशीच, लहानपणी बसायची तशी. विचारलं, "आणि वर्षभर माझ्या गिटारला खोटी म्हणत होतात ते?"

"आधीची पाच वर्षं ऐकून म्हणत होतो. शेवटचं वर्ष सवयीने. म्हटलं, एक दिवस जरी बोललो नाही तर तुला कळेल." ते उठले. "चल आता. रिक्षा मिळायची नाही. आणि त्या रेघांबद्दल बोलू नकोस, पुढच्या वेळी तारा बदलल्या की मीच पुसून देईन." पत्र्यावर सुईने मारलेली रेघ पुसली जात नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तिथे बघायला ना मान होती ना तार. बाहेरून मला दिसत होतं, ते डोळे सताड उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि अंगठा बटणावर नुसता ठेवून होते. बराच वेळ तो हलला नाही. मला रडू आलं आणि मी ते पर्समधला रुमाल शोधण्याच्या निमित्ताने रडून घेतलं.

कानाचं मशीन आलं ते देवळातल्या भजनाच्या आठ दिवस आधी. बाबांनी घरभर फिरून सगळ्यांचा समाचार घेतला. पंखा करकरतो, फ्रीज कण्हतो, मी पाय घासत चालते. बेल त्यांनी चार वेळा स्वतःच दाबून बघितली. पण गिटार ऐकायला तयार होईनात. "आधी देऊळ. मग तुझं बघू."

देवळात मी मुद्दाम बायकांच्या घोळक्यात मागे बसले. चार गावची मंडळं, बरीचशी आगरी मंडळी, सुराला कडक. मृदंगवाला मृदंगाची चामड्याची वादी ओढत होता आणि बाबा म्हणत होते, "चढव. चढव. नाही, जास्त झालं. उतरव." मृदंगवाल्याची मान सैल पडली होती, म्हणजे त्याच्या मते लागला होता. बाबा थांबले नाहीत. "अजून किंचित. बास." त्याने थाप मारली, पेटीशी ताडून बघितली आणि मागे वळून मला शोधलं. भुवया उंचावल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा झाल्यावर बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. ठेवला हे महत्त्वाचं, नुसता खाली केला नाही. "आण तुझी ती."

मी आणली. त्यांनी फडकं मागितलं नाही, दिवा लावला नाही. मशीन दोन बोटांनी कानात नीट दाबून त्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी फट नव्हती, मी वाकून बघितलं. मग वाजवलं. आधी सहाही तारा खाली-वर, मग मला येतं ते एकमेव गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, चुकांसकट. माझ्या हाताला घाम आला होता. हळदीला पहिल्यांदा उभा राहणारा बेंजोवालासुद्धा इतका घाबरला नसेल.

शेवटचा सूर विरला तसे मी हात पुसले.

"वरचा सा?" मी विचारलं.

"खरा आहे," बाबा म्हणाले. "वाद्य अगदी बरोबर आहे. इतकी वर्षं मी त्या बिचारीला उगाच नावं ठेवली." त्यांनी डोळे उघडले आणि पेपर उचलला. "तूच वाईट वाजवतेस."